अठरा वर्षांची राखण

गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत १९९५ पासून गावातल्याच काही बायका नवजात बाळांचं वजन करू लागल्या, त्यांचे श्वास मोजू लागल्या आणि जंतुसंसर्ग झालाय असं दिसलं तर जेन्टामायसिनचं इंजेक्शनही देऊ लागल्या. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं त्यांना हे सगळं शिकवलं होतं. त्याआधी या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळं महिन्याच्या आत दगावत होती. तीन वर्षांत तो आकडा २५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत असं काही केलेलं नव्हतं, तिथं तो साठच्या आसपासच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये हा सगळा हिशेब ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि गडचिरोलीचं नाव जगभरातल्या बालआरोग्याच्या चर्चेत पोचलं.

फारशा न शिकलेल्या बाईच्या हातात सुई द्यायची का, हा प्रश्न तेव्हा अनेक डॉक्टरांना खटकत होता. पण पावसाळ्यात रस्ता बंद होणाऱ्या गावात बाळ दूध सोडून मलूल पडलं, तर दवाखाना गाठेपर्यंत त्याचं काय होतं हे गावकऱ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांच्या लेखी तो प्रश्न कधीच सुटला होता.

त्याच्याही आधी, लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना ‘सर्च’पुढं एक निराळी अडचण आली होती. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, थोड्या मोठ्या बाळाचा पन्नासच्या वर गेला, तर न्यूमोनिया समजायचा. पण कित्येक सुईणींना दहाबाराच्या पुढं मोजता येत नव्हतं. मग एक साधं उपकरण तयार झालं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर औषध सुरू करायचं. अंगठा उमटवणारी बाई न्यूमोनियाचं निदान करू लागली आणि ते निदान बरोबर येत होतं.

२०११ पासून केंद्र सरकारनं घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचं हे काम देशभरातल्या आशाताईंकडे दिलं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. तिच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि बाळाला गुंडाळायला उबदार कापड असतं. आत आल्यावर आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. मग बाळ झोळीत ठेवून काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा. अडीच किलोच्या खाली काटा थांबला तर त्या बाळाकडे जास्त लक्ष द्यावं लागणार हे नक्की. काखेत थर्मामीटर लावायचा. श्वास मोजायला बाळाचं पोट उघडं करून पुरतं एक मिनिट बघायचं. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करायचे नाहीत, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. नाळ कोरडी आहे ना, तिला शेण, हळद, राख असं काही लावलेलं नाही ना, हे पाहायचं. शेवटी आईला दूध पाजायला सांगून शेजारी बसायचं आणि बाळानं नीट धरलंय का ते बघायचं.

खरी परीक्षा त्यानंतर असते. गुटीची सहाण कोपऱ्यात दिसते. मधाचं बोट लावून झालेलं असतं. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी धुमसत असते.

“आजी, सहा महिने नुसतं आईचं दूध. पाण्याचा थेंबसुद्धा नको.”

“अगं, आमची सहा पोरं गुटीवरच वाढली की.”

आजीला दुखवून उपयोग नसतो, कारण घरात शब्द तिचाच चालतो. अनुभवी आशाताई मग आजीलाच कामाला लावते. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची पद्धत, जिला कांगारू केअर म्हणतात, ती आजीलाही शिकवते. कमी वजनाच्या बाळाला ही ऊब शेगडीपेक्षा कितीतरी सुरक्षित. बंद खोलीतली शेगडी भाजते आणि तिचा धूर बाळ-बाळंतीण दोघांच्याही छातीत जातो. दोनतीन भेटींत बहुतेक आज्या ऐकतात. पहिल्याच भेटीत ऐकतील अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी हे काम केलेलं नसतं.

या सगळ्या भेटींचे मिळून आशाला एका बाळामागे २५० रुपये मिळायचे ठरले. मोबदला वाढावा म्हणून २०२३-२४ च्या हिवाळ्यात राज्यभरातल्या आशांनी संप केला, मुंबईच्या आझाद मैदानावर दिवसचे दिवस ठाण मांडलं. ज्या कामानं बालमृत्यू खाली आणले त्या कामाची किंमत समाजानं इतकी कमी लावावी, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

गडचिरोलीच्या अनुभवातून जे हाती लागलं ते औषधापेक्षा मोठं आहे. मूल ज्या घडीला संकटात असतं, त्या घडीला कुणीतरी शिकलेलं माणूस त्याच्या घरात हवं. पोटातल्या गर्भापासून अठरा वर्षांच्या मुलामुलींपर्यंत हा एकच नियम लावून पाहिला, तर आपण कुठं जिंकलो आणि कुठं अजून झोपलो आहोत हे स्पष्ट दिसतं.

गरोदरपणात आपण बरंच जिंकलो. २००५-०६ साली महाराष्ट्रात शंभरातली जेमतेम ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ती ९५ च्या जवळ पोचली. बाळंतपणाशी संबंधित कारणांनी होणारे मातामृत्यू २००१-०३ मध्ये दर लाख जन्मांमागे १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, १०२ ची गाडी, फुकट बाळंतपण, फुकट रक्त या गोष्टी आज खेड्यातल्या बाईलाही ठाऊक आहेत.

बाळाच्या वाढीच्या बाबतीत मात्र गाडी अडखळते. गर्भाचे २७० दिवस आणि पहिल्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून हजार दिवस होतात. मेंदूची आणि उंचीची बहुतेक पायाभरणी या काळात होते. मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरल्यावर १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं आणि पुढं त्यानं या हजार दिवसांवर भर दिला. दोन वर्षांखालच्या खुज्या राहिलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ पर्यंत २३ टक्क्यांच्या आसपास आलं. देशभर त्याचं कौतुक झालं. पुढं २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी निघाली. वयोगट वेगळा आहे, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करता येणार नाही. पण वजनकाट्यावरचं लक्ष ढळलं की मुलं मागं पडतात, हे अंगणवाडीताईला विचारलं तरी ती सांगेल.

योजना गावाच्या यादीवर चालतात. जे कुटुंब यादीच्या गावात राहतच नाही त्याचं काय होतं, हे बीड जिल्ह्यात पाहावं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. एक दिवस काम चुकलं की खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. अशा हिशेबात गरोदर बाईला विश्रांती बसत नाही. सातव्या-आठव्या महिन्यातही ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडं पेटीत असतं. फडावर ती कुणाच्याच यादीत नसते. बाळंतपण झालंच, तर काही दिवसांत ती पुन्हा फडात उभी असते आणि बाळ बांधावर, फडक्याच्या झोळीत.

थोडं मोठं मूल पाचटावर झोपलेलं असतं. अंधारात ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना चालकाला ते दिसत नाही. उसात साप असतो, जुन्नर भागात बिबट्याही असतो. कोपीच्या (झोपडीच्या) तोंडाशी तीन दगडांची चूल पेटलेली असते आणि रांगणारं पोर तिच्यापासून दोन हातांवर असतं. त्याला सांभाळायला असते आठदहा वर्षांची ताई. ती शाळेतून अर्ध्यावर उठून आलेली असते.

ही ताई तेराचौदाची झाली की आईबापांचा जीव टांगणीला लागतो. दिवसभर कोपीवर एकटी पोर ठेवायची कशी? गावी म्हाताऱ्यांकडं ठेवावं तर तीही काळजी. मग लग्न उरकून टाकतात, आणि नवऱ्यामुलाच्या घरी एक नवा कोयता तयार होतो. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, असं २०१९-२१ चं सर्वेक्षण सांगतं. मराठवाड्यातल्या ऊसतोड पट्ट्यात हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. सतराव्या वर्षी दिवस गेलेल्या, अंगात रक्त नसलेल्या या मुलीचं बाळ बहुधा कमी वजनाचं जन्मतं. याच बायकांची तिशी-पस्तिशीत गर्भाशयं काढून टाकली जात असल्याचं २०१९ मध्ये उजेडात आलं, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत गर्भाशय काढलेल्या हजारो ऊसतोड बायका सापडल्या. पाळीच्या आणि अंगावर जाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं कुणी तपासल्याच नाहीत, काम थांबवणं परवडत नव्हतं, आणि खाजगी दवाखान्यानं सांगितलेला कायमचा उपाय सोपा वाटला.

इथे डॉ. राणी बंग यांचा जुना अभ्यास आठवतो. १९८९ मध्ये तोही ‘लॅन्सेट’मध्येच आला होता. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायका त्यांनी तपासल्या, तर ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. तीस वर्षांनंतर बीडमध्ये तेच दुखणं अधिक भयंकर रूपात समोर आलं.

यावर उपाय माहीत नाहीत असं नाही. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवून झाल्या आहेत. सरकारी लसीकरण कुठल्याही गावात फुकट मिळतं, रहिवासी दाखला लागत नाही. हंगामात मूल ज्या शिवारात आहे त्या शिवारातल्या आशाताईनं आणि अंगणवाडीनं ते आपल्या यादीत घेतलं पाहिजे, आणि त्याची नोंद झाली नाही तर जाब कारखान्याला विचारला पाहिजे. उसाच्या प्रत्येक टनाची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याला आपल्या तळावर किती गरोदर बायका आणि किती लहान मुलं आहेत हे सांगता येऊ नये, हे पटण्यासारखं नाही.

ऊसतोड पट्ट्याबाहेरच्या मुलींचीही परिस्थिती फार बरी नाही. महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५७ टक्के मुलींना रक्तक्षय आहे आणि त्यात शहरातल्या, खात्यापित्या घरातल्या मुलीही आहेत. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते; तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फोलिक ॲसिड असतं. पुष्कळ मुली ती बाकाखाली टाकतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि शौचाला काळी झाली की भीती वाटते. जेवणानंतर घेतली, वर लिंबू पिळलेलं काही खाल्लं आणि तासभर चहा टाळला तर गोळी मानवते आणि अंगीही लागते. काळी शौच लोहामुळंच होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एवढं बोलणारे सर किंवा मॅडम ज्या शाळेत असतात तिथं मुली गोळ्या खातात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक गोळीचंही तसंच.

लसीकरणाबद्दल फार सांगायची गरज उरलेली नाही. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. तरी कोविडच्या दोन वर्षांत गोवराच्या लशी चुकल्या आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवरानं मुलं दगावली, हे विसरता कामा नये.

किशोरवयीन मुलांसाठी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. आहार, पाळी, व्यसन, लैंगिक आरोग्य, मनाचं आरोग्य आणि इजा या सगळ्याचा त्यात समावेश आहे. कागदावर तो उत्तम आहे. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी दार बंद करून बसलेल्या मुलाच्या घरी कुणी जायचं, याची नेमणूक त्यात होत नाही. निदान घरच्यांनी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

आता त्या मृत्यूंकडे वळू, ज्यांची आरोग्यखात्याच्या बैठकीत फारशी चर्चा होत नाही: बुडणं, भाजणं, पडणं, दंश, विषबाधा, रस्त्यावरची धडक. पाच वर्षांपर्यंत जगवलेलं, सगळ्या लशी झालेलं मूल यातल्या एकानं दुपारी तासाभरात जातं आणि बातमी तालुक्याच्या पानावर चार ओळींत येते. रस्ते अपघात हे जगभर ५ ते २९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही आपल्याकडं ‘त्याचं तेवढंच आयुष्य होतं’ असं म्हणून मांडीवरचं मूल मातीला दिलं जातं.

नशिबाला बोल लावायची ही सवय किती खोटी असू शकते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी दाखवून दिलं. १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत, त्यात मुलं अधिक. गोवऱ्यांत, सरपणात, भाताच्या पेंढ्यात हात घातला की विंचू डसे. मूल घामानं निथळायचं, उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे, काही तासांत छातीत पाणी भरून तोंडातून गुलाबी फेस यायचा. डॉक्टर बावसकर अशा रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. विंचवाचं विष रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदयावर भार टाकतं हे ध्यानात आल्यावर त्यांनी रक्तदाबाचं प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून पाहिलं. लाल विंचवाच्या गंभीर दंशानं शंभरातले चाळीसएक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. आधी गावकरी या मरणाला विधिलिखित म्हणत होते. २०२२ मध्ये डॉ. बावसकरांना पद्मश्री मिळाली.

विंचवाचं जे झालं ते शेततळ्याचं अजून व्हायचं आहे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळं’ योजना आली आणि दुष्काळी तालुक्यांत हजारो शेततळी उभी राहिली. फळबागा वाचल्या, हे खरं. पण पाणी मुरू नये म्हणून तळ्यात पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरतात. त्याच्या उतरत्या बाजूंवर शेवाळ धरतं. वासराला पाणी पाजायला किंवा उन्हाळ्यात डुंबायला उतरलेला मुलगा घसरतो आणि परत चढायला त्याला काही धरायलाच मिळत नाही. नखं लागत नाहीत, पाय टेकत नाही. पोहता येणारेही काठापाशीच दमून बुडतात. भावाला काढायला बहीण उतरते, मुलाला काढायला आई उतरते. एका तळ्यात एकाच घरातली दोनतीन माणसं गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात येतात.

बचावाला काय लागतं? चारही बाजूंनी तारेचं कुंपण आणि कुलूप लागणारं फाटक. काठाच्या खुंट्यांना बांधून पाण्यापर्यंत सोडलेले, गाठी मारलेले जाड दोर. एका कोपऱ्यात बांबूची शिडी, आणि हवा भरलेली जुनी ट्यूब दोराला बांधून तरंगती ठेवलेली. कागदाच्या खर्चापुढं हा खर्च काहीच नाही. बुडणाऱ्याच्या मागं उडी न मारता दोर, ओढणी, साडी फेकायची, हे शाळेत दरवर्षी करून दाखवलं पाहिजे.

अगदी लहान मुलांचं बुडणं निराळं असतं, आणि त्यावर बांगलादेशनं काढलेला तोडगा आपण शिकण्यासारखा आहे. तिथल्या २००३ च्या राष्ट्रीय पाहणीत एक वर्षानंतरच्या मुलांच्या मृत्यूंचं पहिलं कारण बुडणं निघालं. वर्षाला सुमारे सतरा हजार मुलं. बहुतेक लहानगी घरापासून हाकेच्या अंतरावरच्या डबक्यात, सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आई स्वयंपाकात आणि बाप शेतात असताना बुडत होती. मग गावातच ‘आंचल’ नावाची पाळणाघरं निघाली. एक ते पाच वर्षांची वीस-पंचवीस मुलं नेमके तेच चार तास तिथं सांभाळली जातात. जिथं ही केंद्रं चालली तिथं या वयातल्या मुलांचं बुडणं ऐंशी टक्क्यांहून अधिक घटलं, आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारनं मोठ्या प्रमाणावर अशी केंद्रं काढायला मंजुरी दिली.

आपल्याकडं लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत, पण त्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बसवतात. चालायला लागलेलं, धोका न कळणारं एक ते तीन वर्षांचं मूल घरीच असतं, आणि सगळ्यात जास्त भाजतं, बुडतं, गिळतं तेच. अंगणवाडीला पाळणाघर जोडणं ही इजा रोखायची सर्वांत मोठी योजना ठरेल. खाऊवाटपाच्या बरोबरीनं या चार तासांच्या राखणीचा विचार व्हायला हवा.

घरातल्या इजांचं वेळापत्रक तर ठरलेलंच असतं. सकाळी न्हाणीघरात आधी कढत पाणी ओतून मग गार घालायची सवय असते आणि मधल्या मिनिटात पोर बादलीत हात घालतं. गार पाणी आधी ओतलं की हा धोका टळतो. भाजल्यावर हळद, शाई, टूथपेस्ट लावायची नाही. वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि स्वच्छ कापड गुंडाळून दवाखाना गाठायचा. रॉकेल, फिनेल, फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा द्यायचा नाही. तो श्वासनलिकेत अडकतो आणि दुर्बिणीनं काढावा लागतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून झोपावं, कारण मण्यार रात्री अंथरुणात शिरून डसते आणि डसलेलं कळतही नाही. पहाटे मुलाचं पोट दुखतंय, पापण्या जड होऊन मिटतायत, बोलणं अडखळतंय, असं दिसलं तर अंगारा-धुपारा न करता १०८ ला फोन करावा. भारतात सर्पदंशानं वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं मरतात, असा २०२० मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

रस्त्यावर आपण मुलांशी जसं वागतो त्याला प्रेम म्हणवत नाही. वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट, स्कूटरवर पुढं उभं राहिलेलं चार वर्षांचं पोर उघड्या डोक्यानं, आणि मागं आईच्या कडेवर तान्हं, हे चित्र पुण्यापासून परभणीपर्यंत एकच. करकचून ब्रेक लागला तर पहिला आघात पुढं उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यावर होतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये निघाला. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, ही तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी संक्रांतीला नागपूर, नाशिक, येवल्यात गळे कापायचे थांबलेले नाहीत.

दवाखान्याच्या आतही ही राखण लागते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. कमी वजनाची, आजारी बाळं जगावीत म्हणून उभारलेल्या कक्षात ती धुरानं आणि आगीनं गेली. आपल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात आगीची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे.

आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत किती शेततळी, किती उघड्या विहिरी आणि न बुजवलेल्या बोअरवेल आहेत, याची यादी एका सकाळी फिरून करता येते. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या ग्रामसभेत ती यादी वाचायला लावा. कुंपण आणि दोर नसलेल्या प्रत्येक तळ्यापुढं मालकाचं नाव आणि काम पुरं करायची तारीख लिहून घ्या, आणि त्या तारखेला स्वतः जाऊन बघून या.